न बोललेला नवस

मायाक्कानं बोकड सिस्टरच्या दारातल्या नळाला बांधला, गाठ वडून बघितली आन् उंबऱ्याभाईर बसकण मारली.

"आत या की, मायाक्का," चंद्रिका सिस्टर म्हणाली.

"आदी ह्येला ताब्यात घ्या. मग पानी पिते."

बोकड काळाभोर. अंगावर पांढरा केस शोधून सापडायचा न्हाय. मोडनिंबापास्नं सोलापूरपतोर टेम्पोत उभा राहून आलेला. वाटंत त्येनं टेम्पोवाल्याच्या शर्टाची बाही खाल्ली, म्हणून मायाक्काला दोन शिव्या बी खायला लागल्या हुत्या.

तिची नात ऋतुजा मागल्या म्हयन्यात तापानं दवाखान्यात पडली. डॉक्टर म्हणाले, काय सांगता येत न्हाय. ही चंद्रिका सिस्टर दिसभर औषिद द्यायची, आन् ड्युटी सुटली की घरला जायाचं सोडून पोरीच्या खाटंपाशी डोळं मिटून बसायची. येशूला मागायची. एक दिस पोरगी उठली आन् भाकरी मागितली.

सगळी खुश झाली. मायाक्काला तेवढा घोर लागला.

तिच्या गावात देवाचं सगळं ठरल्यालं. कोंबडं बोलला तर कोंबडं, बोकड बोलला तर बोकड. फेडलं न्हाय तर देव सोडत न्हाय. पण ही बाई काय बोललीय, कुणाला ठावं? इचारलं, तर म्हणाली, "काही नाही. देवाचं देणं फुकट असतंय. आमच्या शास्त्रात तसंच हाय."

फुकट! मायाक्कानं उभ्या जन्मात फुकट बघितलं ते फकस्त ऊन. बाजारात जो म्हणतोय ना, 'ऱ्हाऊ द्या मावशी, पैशाचं काय एवढं', त्योच शेवटाला कातडं सोलतोय.

"आपल्याला त्यांच्या धर्मात घ्यायचं आसंल," ल्योक शहाजी म्हणाला.

"तुला घेऊन काय करत्याल? घरात कुणी घेईना तुला," मायाक्का म्हणाली.

तिचा वहीम येगळाच हुता. सिस्टर घरात एकलीच. नवरा न्हाय, लेकरू न्हाय. आन् ऋतुजाकडं बघाय लागली की तिची नजर हलायची न्हाय. घरला सोडलं त्या दिशी तिनं पोरीची येणी सोडली आन् हळूहळू पुन्यांदा घातली. चांगली घातल्याली येणी कोन सोडतंय? मायाक्कानं तवाच वळीकलं. नवस पोरीचाच हाय. बरी कर देवा, मग पोरगी माझी, आसंच बोलली आसंल.

सिस्टरनं च्या आणला. बोकड तवर कडीपत्त्याला भिडला हुता.

"मी ह्याला ठेवून काय करू?" सिस्टर हसली. "दारात बोकड दिसला तर अख्खी गल्ली जेवायला येईल की."

"बोकड नगं म्हणताय, मंजी दुसरं कायतरी बोललाय." मायाक्कानं च्याला हात लावला न्हाय. "सांगून टाका, सिस्टर. जमीन मागा, शेरडं मागा. नात देनार न्हाय मी. मुडदा पडला तरी न्हाय."

सिस्टरचं हसू गेलं. तिनं कप खाली ठेवला. मायाक्काला वाटलं, घावली.

"मी काहीच बोलले नाही, मायाक्का. ह्या वेळी नुसतं मागितलं."

"ह्या येळी?" मायाक्कानं शब्द धरला. "मंजी आदी बोलला हुता की!"

"होय. काव्याच्या वेळी."

"कोन काव्या?"

"माझी पोर. ऋतुजाएवढीच होती. तवा मी घर बोलले, दागिने बोलले. मला ने म्हणाले, तिला ठेव." सिस्टर उठली. बोकडाच्या तोंडातनं कडीपत्त्याची फांदी तिनं हळूच वडून घेतली आन् तिकडंच बघत म्हणाली, "देव भाव करत असता, मायाक्का, तर आज तुमची नात हितं माझ्या काव्यासंगं खेळली असती."