खळ्यातली शेवटची मूठ

“एवढा एक का ठेवलास?” उदयसिंह सरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

उत्कर्षा स्क्रीनवर उरलेला तो ग्रुप बघत होती. दुधनीची शाखा सात रस्ता चौकातल्या या ऑफिसात विलीन केली, तेव्हा तिथलं जुनं सुरक्षा डोमेन काढून टाकलं होतं. डोमेन म्हणजे नेटवर्कची वेस. कुणाला आत घ्यायचं, कुणाला अडवायचं, ते तिथं ठरायचं. वेस पाडली, पण जुने ग्रुप आणि त्यांतली लोकांची खाती सर्व्हरवर तशीच राहिली, गाव उठून गेल्यावर मागं चुली राहाव्यात तशी. ती साफ करायचं काम उत्कर्षाचं. पाच वाजेपर्यंत झालं तर नोकरी कायम. कामाचा शेरा लिहिणार होते सर.

सकाळपासून ती एकेक ग्रुप उडवत होती. उडवण्याआधी ज्याला त्याला विचारत होती, नव्या वेशीत आलात ना? सरांनाही तिनं विचारलं होतं. सगळ्यांना आत आणलं कुणी, मीच ना, मग मला काय विचारतेस, असं म्हणून ते चहाला निघून गेले होते.

शेवटी ‘दुधनी गोदाम’ राहिला. आत एकच खातं. नाव नाही, नुसता जुना आकडा. कुणीच आपलं म्हणेना. तिथं तिचा हात थांबला होता, तेवढ्यात सर परत आले होते. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारीची रास उचलली तरी खळं झाडून नेत नाहीत, ती हळूच म्हणाली, शेवटची मूठ पाखरांना सोडतात.

सर खळखळून हसले.

“व्हय का? मग पाखरं कुटं हायत तुजी?”

शेजारच्या टेबलावरची धम्मप्रियाही हसली. गोफण आणलीस का गं, तिनं विचारलं.

सरांनी माउस ओढून घेतला आणि ग्रुप उडवला. आता शेरा लिहितो, म्हणाले, काम अर्धवट, उरलेलं मी केलं. ते केबिनमध्ये गेले.

उत्कर्षानं डबा पिशवीत भरला. डोळे वर केले नाहीत.

केबिनमध्ये कीबोर्ड वाजला. थांबला. पुन्हा वाजला, या वेळी जोरात.  धम्मप्रियानं मान उंच करून काचेतून पाहिलं, सरांच्या स्क्रीनवर ‘प्रवेश नाही’ असं आलं होतं, आणि तिनं पदराआड तोंड लपवलं.

दार उघडलं. सर उत्कर्षाच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. अख्खी दुधनी त्यांनी नव्या वेशीत आणली होती. स्वतः तेवढे जुन्याच वाटेनं ये-जा करत राहिले होते; गोदामातला तो बिननावाचा आकडा त्यांचाच होता.

“शेरा लिहून झाला का सर?” तिनं वळून न पाहता विचारलं.

“न्हाय की,” सर खाकरले. “आदी मूठभर दाणं टाक. पाखरू दारात आलंय. मग गोडच बोलंल ते.”