झारा आणि उलथनं

"लढाईचा आवाज म्हणजे पुरुषी मनगटाचं काम!" असं गरजून नाट्यविभागाचे टिपणीससाहेब स्टुडिओतल्या खुर्चीत बसले. खुर्चीवर तलवारींच्या खणखणाटाची रेकॉर्ड होती. तिचे तीन तुकडे झाले.

ऐतिहासिक नाटक रेडिओवरून थेट प्रसारित व्हायला दहा मिनिटं होती आणि सुरुवातच लढाईने होती. ध्वनिपरिणाम सांभाळणाऱ्या इंदुमतीबाईंचे उमेदवारीचे तीन महिने आज संपत होते. काही बिनसलं तर त्यांना पुन्हा टायपिंगला बसवायचं, हे साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. रेकॉर्ड कोणी फोडली, हे साहेबांच्या अहवालात येणार नव्हतं.

बाई धावत कँटीनमध्ये गेल्या आणि झारा नि उलथनं घेऊन आल्या. माइकपाशी बांगड्या वाजून चालत नाहीत, म्हणून त्या उतरवून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवल्या. "टेबलावरून घरंगळतील. धरा जरा, आणि हलू नका."

लाल दिवा लागला. झारा आणि उलथनं अशी भिडली, की सेनापती झालेला नट खरंच दोन पावलं मागे सरला. साहेब मात्र नाटक संपेपर्यंत बांगड्या छातीशी धरून पुतळ्यासारखे उभे होते.

दिवा विझला आणि केंद्रसंचालकांचा फोन आला, "टिपणीस, तलवारी अस्सल वाटल्या हो!"

साहेबांनी बाहीने घाम पुसला. "बाई, टायपिंग विसरा. ही जागा तुमचीच. मनगट लागतं, हे मी म्हटलंच होतं."

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि तेच मनगट पुढे केलं. "झारा परत करायचाय, साहेब, भजी खोळंबलीत. तेवढ्या बांगड्या द्या."