लाल थरातली कचकच

बाबांनी हात पुढे केला. "आण ती लाल माती. आधी मी चावून बघतो, मग तू बोल."

मुलीचा हात पेटीवर थबकला. जमिनीच्या पोटातून काढलेला माती-खडकाचा लांबलचक दांडा त्या लाकडी पेटीत तुकड्यातुकड्यांनी मांडला होता. वर करडा थर, खाली करडा थर आणि मध्ये लाल पट्टा. लाल पट्टा म्हणजे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीला चढलेला ताप. हवेत कर्बवायू दाटला, सगळं जग तापलं, आणि त्या काळात जे वाहून आलं ते इथे साचलं.

या पट्ट्यानेच बाबांचं नाव केलं होतं. नदीकाठच्या उभ्या कड्यात त्यांनी तो तरुणपणी पाहिला होता. तळापासून माथ्यापर्यंत लोण्यासारखी मऊ माती आहे, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे त्या तापलेल्या काळात इथे संथ, बारमाही पाऊस पडत असणार. पुढे नदीने तो कडाच गिळला. पडताळून बघायला कुणाला काही उरलं नाही आणि बाबांचा पाऊस पाठ्यपुस्तकांतून पडत राहिला.

त्या कड्याखालचा बाबांचा फोटो प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. रणरणत्या उन्हात त्यांनी कानांपासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता. विद्यार्थी त्यांना प्रेमाने 'मफलर सर' म्हणत. फोटो आईने काढला होता, म्हणून ती फोटोत नव्हती.

आत्ता आई कोपऱ्यात, 'येथे खाण्यास मनाई आहे' या पाटीच्या बरोबर खाली बसून संत्रं सोलत होती.

मुलीने त्या नाहीशा झालेल्या कड्याच्या मागे भोक पाडून तोच थर पुन्हा वर काढला होता. आणि तो मऊ नव्हता. तिचा लेख संध्याकाळी छापायला जायचा होता, आणि त्यात बाबा चुकले असं स्वच्छ लिहिलं होतं. बाबांची नजर गेली होती, आता वाचता येत नव्हतं. कुणी सांगितलंच नसतं तर त्यांना कळलंही नसतं. पण ज्या माणसाने बोट धरून दगड ओळखायला शिकवलं, त्याच्या पाठीमागे हे करायचं?

लाल पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला बोटभर माती खरंच मऊ होती. ताप उतरल्यानंतरची. तीही लालच. ती दिली असती तर खोटं बोलावंही लागलं नसतं. तिची बोटं तिथवर गेली. मग खाली सरकली. पट्ट्याच्या मध्यातून तिने चिमूटभर माती काढली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली.

या कामातली माणसं अजून असंच करतात. माती पुढच्या दातांत धरायची. विरघळली तर निव्वळ चिकणमाती, कचकच लागली तर रेती. बाबांचे पुढचे चार दात अजून स्वतःचे होते.

त्यांनी चावलं. थांबले. पुन्हा चावलं.

"कचकचतंय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तळापासून?"

"तळापासून. मध्ये मध्ये गोटेसुद्धा आहेत." तिने एक गोटा उचलून त्यांच्या बोटांना लावला. "पाऊस संथ नव्हता, बाबा. महिनोन्महिने कोरडं जायचं आणि मग एकदम आभाळ फाटायचं. लोंढे डोंगर खरवडून काढायचे. खालचा ताजा खडक उघडा पडायचा आणि पावसाच्या पाण्यात झपाट्याने झिजायचा. झिजताना हवेतला कर्बवायू त्या पाण्यात अडकायचा आणि पाण्याबरोबर समुद्रात जायचा. लाख-दीड लाख वर्षं हेच चाललं. त्यानेच ताप उतरला."

बाबांनी दातांतली रेती बोटावर घेऊन चोळली. तिने मान खाली घातली.

"म्हणजे औषध पृथ्वीचं पृथ्वीनेच केलं," ते हळूच म्हणाले. "स्वतःचेच डोंगर उगाळून! आणि मी बापडा तिला रिमझिम पावसात बसवून ठेवली." त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा भलताच खुलला होता. त्यांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "पाठव लेख. माझं नाव ठळक घाल. चुकलेल्याचं नाव नीट दिसलं पाहिजे."

तिला हसू आलं आणि रडूही.

बाबांच्या कपाळावर मात्र आठी पडली. "पण मग तेव्हा कचकच कशी लागली नाही?" त्यांनी कोपऱ्याकडे तोंड वळवलं. "अगं ए! तू तर म्हणालीस, लोणी आहे लोणी!"

"आई म्हणाली?" मुलगी उडालीच. "बाबा, माती तुम्ही चावली नव्हती?"

"तोंड उघडलं तर चावणार ना! दाढ सुजून गालाचा भोपळा झाला होता. मफलरमध्ये काय होतं असं वाटलं तुला? म्हटलं, हिचे दात चांगले आहेत, हिलाच चावू दे."

आईने संत्र्याची फोड तोंडात टाकली. घाई न करता ती खाल्ली.

"मग? लोण्यासारखीच लागली मला. चांगली मूठभर खाल्ली. हे ओरडले तेव्हा कुठे मी थांबले." तिने लेकीकडे पाहिलं. "तूच होतीस गं तेव्हा पोटात. मातीचे डोहाळे लागले होते मला. यांनी दगड दिला असता, तरी लोणीच म्हटलं असतं."