इरासीमावशीच्या फळ्या

ताकवारी नदीच्या पुरात इरासीमावशीचं व्हिडिओगेमचं दुकान वाहून गेलं, तेव्हापासून तिची वाचाच बसली. आई कारखान्यात राबत असताना वाल्मोर त्याच दुकानात वाढला होता. त्याने तिथे असायचे ते सगळे गेम इंटरनेटवर शोधून छोट्या संगणकात भरले, मावशीच्या दुकानातल्या फळ्यांवरची मांडणी आठवून त्याच क्रमाने लावले, आणि तिच्यासमोर टीव्हीवर उघडले. मावशीने पडद्यावरची एकेक रांग वरून खाली न्याहाळली. मग कडाडली, “गाढवा, हा बेडकाचा गेम वर कुणी ठेवला? अवघड वर, सोपे खाली!” वाल्मोरचे डोळे भरून आले. “चुकलं, मावशी.” “तुझी आई उशिरा यायची तेव्हा हाच खेळायचो आपण. मी मुद्दाम हरायचे.” “मुद्दाम? मला वाटायचं, मीच पट्टीचा खेळाडू!” “म्हणून तर रडायचा थांबायचास. सरक, जागा दे.” दिवेलागणीपर्यंत तिने त्याला धूळ चारली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा ऐकत तो सुखाने हरत राहिला.