सत्ताविसावा दगड

“त्या गोट्यायच्या रिंगणात पाय नको ठेवू पोरी. जुनी माणसं निजली हायेत तिथं.” नवी नवरी असताना सासूनं दिलेली ताकीद पार्बताबाईच्या कानात अजून होती. आज तिच्याच शेतातल्या त्या रिंगणात गावच्या शाळेतला सातवीचा वर्ग उभा होता, आणि सोबत खोदकामाला आलेले साहेब.

“अडीच हजार वर्षांपूर्वी इथले लोक आपलं माणूस पुरायचे आणि भोवती असे दगड मांडायचे,” साहेब म्हणाले. “मोजा बरं. जुन्या नोंदीत सव्वीस आहेत.”

एक मुलगी दगडादगडावर हात ठेवत फिरली. “सत्तावीस, सर!”

“सोतालेबी मोजलं का वं?” मागून कोणीतरी हसलं.

साहेबांनी स्वतः मोजले. सत्तावीसच भरले. बांधावर उभ्या पार्बताबाईच्या कमरेवरची कळशी हिंदकळली. एक दगड बाकीच्यांहून लहान होता, फारसा रुतलेलाही नव्हता. साहेबांनी त्याच्यापाशी चुन्याची रेघ ओढली आणि मजुराला म्हणाले, “इथूनच सुरू करू.”

बारा वर्षं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कुदळ वर गेली, तशी कळशी टाकून ती धावली आणि त्या दगडावर ओणवी झाली.

“हा गोटा म्या ठेवला जी, साहेब. खाली माही लेक हाय, मेलेलीच जन्मली. घरचे म्हणे, नाल्याकाठी पुरून टाक. तिथं एकटी कशी ठेवू? इथं जुनी माणसं होती सोबतीले.”