ओल ओळखणारा कॉक

“म्हणजे हा कॉक तुम्ही शोधलेला नाही?” कंपनीचे वकील विश्वजीत यांनी विचारलं.

“नाय साहेब,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून कडुबा म्हणाला.

रत्नमालाच्या हातातलं पेन थांबलं. कडुबाची वकील ती. बावीस वर्षं पेटंटचे खटले लढवत होती. मोबाइलच्या चिपा, औषधांचे रेणू, पवनचक्कीची पाती, सगळं तिनं कोर्टाला समजावून सांगितलं होतं. पण आपल्याच साक्षीदारानं आपला पाया काढून घेतलेला तिनं आजवर पाहिला नव्हता.

गंगापूरला कडुबाचं वर्कशॉप. तिथं ठिबक सिंचनासाठी पाण्याचा हा कॉक बनतो. पिकाच्या मुळाशी मातीचं छोटं मडकं पुरायचं. जमीन सुकली की ती मडक्यातलं पाणी ओढून घेते, रबराचा पडदा सरकतो, कॉक उघडतो. ओल पुरेशी झाली की आपोआप बंद. वीज नको, बटण नको. एका मोठ्या कंपनीनं २०१९ साली अर्ज करून याच युक्तीचं पेटंट मिळवलं आणि कडुबावर दावा ठोकला. हरला तर वर्कशॉपला कुलूप, अकरा माणसं घरी.

बचावाची वाट एकच होती. अर्जाच्या आधीच ही युक्ती लोकांत उघड झाली होती असं दाखवलं, तर पेटंट टिकत नाही. आपण २०१७ पासून हा कॉक विकतोय, असं कडुबा सांगायचा. कागद मात्र एकही नव्हता; कॉक त्यानंच शोधला हे धरूनच रत्नमालानं सगळी बाजू उभी केली होती. “तुम्हीच बनवलात ना?” असं रत्नमालानं दहादा विचारलं होतं. “व्हय ताई, ह्याच हातानं.” सुचलं कुठून, हे विचारायचं राहूनच गेलं.

विश्वजीत आता रंगात आले. “मग कुणाचा उचललात?”

“उचलला नाय. कीर्तनात ऐकला. बहिणीच्या गावी, सोयगावकडं, सप्ता होता. मनकर्णाबाई उभ्या होत्या कीर्तनाला.”

कोर्टात हशा पिकला.

“कीर्तनात? टाळ होते का पाने-स्क्रूड्रायव्हर?”

“दृष्टान्त होता साहेब. बाई म्हणल्या, जीव तहानला की देवाला ओढून घेतो, भरला की हाव आपसूक मिटती. मग त्यांच्या वडलांच्या शेतातलं मडकं सांगितलं. माती कंची, रबर किती ताणायचं, समदं. अर्धा घंटा त्याच्यातच गेला.”

“आणि तेवढ्यावर सातवी पास माणसानं यंत्र उभं केलं?”

“घरी आलो आन् दुसऱ्या दिशी केलं. तिकडं आणिक तिघांनी केलं, न शिकलेल्यांनी.” कडुबा रत्नमालाकडं वळला. त्याचे डोळे खाली गेले. “कीर्तनातलं आपलं म्हणून मिरवू नये, ताई. म्हणून ‘म्या शोधला’ असं तुमच्यापाशी कधी बोललो नव्हतो.”

विश्वजीत खाली बसले. हसू अजून ओठांवर होतं, पण चेहरा उतरत चालला होता.

न्यायमूर्ती पुढं झुकले. “कीर्तन कोणत्या साली?”

“सोळाच्या दत्तजयंतीला, महाराज. यूट्यूबवर हाय की, तारखेसकट.”

रत्नमाला उठली. “मला एकच विचारायचंय. ऐकायला किती माणूस होतं?”

“मोजलं नाय, ताई. मांडवात मावंना, म्हणून शिवारभर भोंगे लावले होते.”