दुपारची भेट

स्वप्न चालू असतानाच ते ओळखायचं कसं, हे मला नातीने शिकवलं. "आजी, दिवसातून दहादा तोंड मिटून नाक दाबून बघ. श्वास अडला तर तू जागी आहेस. चालूच राहिला तर समज, स्वप्न आहे."

मला ह्यांना भेटायचं होतं. सात वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा शेवटचं बोलणंही झालं नव्हतं.

महिनाभर मी नाक दाबत घरभर फिरले. सून म्हणाली, "आई, माझा स्वयंपाक इतका वाईट असतो का हो?"

काल दुपारी डोळा लागला. हे खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून, कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करत होते. मी नाक दाबलं. श्वास सुरळीत चालू होता.

मग मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. गेले तेव्हा केस काळेभोर होते. आता एकही काळा उरला नव्हता. हात थरथरत होते. सदऱ्याचं बटण वेड्यावाकड्या टाक्यांनी, स्वतःच शिवलेलं दिसत होतं.

"अहो," मी आनंदाने ओरडले, "घाबरू नका, हे स्वप्न आहे!"

ह्यांनी भिंग काढलं. डोळे भरून आले होते.

"ठाऊक आहे गं. पण हळू बोल. मला जाग येईल."